बडग्याला सहा बोटं

पोळ्याला अजून तेवीस दिवस होते
अन् आमचा बडग्या ग्रुपवर आलासुद्धा,
पूर्ण, रंगवलेला,
मागे इतवारीची गर्दी
आणि गर्दीत आमच्या गल्लीचं एकही तोंड नाही.
सुबोधनं पाठवला. नऊ सेकंदांत झाला म्हणे.
एकशे चाळीस अंगठे वर.
मी खळ शिजवत होतो, हात मैद्यानं भरलेले,
नाकानं टिचकी मारून फोटो मोठा केला:
उजव्या हाताला सहा बोटं.
पाटीवरची अक्षरं नुसती मराठीसारखी,
जसं लग्नात दुरून कोणी ओळखीचं वाटतं
अन् जवळ गेलं की नसतं.

मी निनावे. बडग्याच्या पाट्या लिहितो.
अठ्ठावीस वर्षं झाली, एकीखालीही सही नाही.
नळाला न येणारं पाणी, खड्डे, भाव, भाषणं;
राग कोणाचा ते विचारायचं नाही.
फेकाफेक तेव्हाही होतीच,
पण ज्याला शिवी हासडायची
त्याच्या दारावरून चालत जावं लागायचं,
अन् तो गॅलरीत उभा राहून वाचायचा,
कधीकधी पाणीही पाजायचा.
आता रात्री दोनला पांघरुणातून दगड येतो
आणि सकाळी दगडाचं नाव वेगळंच असतं.

परवा वहिनीनं मोबाईल पुढे केला.
बाबा बोलून राहिले.
सहा वर्षांमागे गेलेले बाबा,
रेशनकार्डाच्या फोटोतून ओठ हलवत:
"आपणां सर्वांस सणाच्या हार्दिक शुभेच्छा."
वहिनी रडली.
बाबांनी जन्मात कोणाला 'आपणांस' म्हटलं नाही.
मागावरून मान न उचलता म्हणायचे,
"काहून बे, जेवला का?"
त्यात शुभेच्छा, चौकशी, रागावणं, सगळं यायचं.
हे कोणाचे बाबा, असं विचारणार होतो,
तेवढ्यात वहिनीनं पुन्हा लावलं.
तिसऱ्या वेळी, खोटं कशाला बोलू,
मीही जवळ सरकलो.

सुबोध वाईट पोरगा नाही.
त्यानंच गिरणीमागे, ज्वारीच्या पोत्यांआड
एक जुना कॉम्प्युटर चालू ठेवला आहे.
"काका, हे आपलं. याले मालक नाही.
तुम्हाले काय दिसावं
ते दुसरा कोणी ठरवत नाही.
पाचपावलीत एक आहे, कामठीत एक,
एकमेकांशी बोलतात."
अकरा माणसं आहेत त्याच्यावर,
त्यातले तीन सुबोध स्वतः.
लाईट गेली की सगळं जग बंद.
पिठानं पंखा अडतो,
मग हा वाकून फुंकर मारतो, चुलीला मारावी तशी.
मी म्हटलं, "बाप्पा, हे तर बडग्यांसारखंच झालं.
गल्लीगल्लीचा वेगळा, बांबू ज्याचा त्याचा,
कोणी कोणाले विचारत नाही,
अन् जायचा रस्ता मात्र एक."
"तेच तर समजावून राहिलो ना
चार महिन्यांपासून!"

बडग्या आम्ही त्या फोटोसारखाच केला.
सहावं बोट मी मुद्दाम लावलं,
खपाटीला लाल कागद, जरा जास्तच लांब.
पाटीसाठी सुबोधनं मशीनला विचारलं होतं.
दहा ओळी आल्या, दहाही यमकात,
कोणालाच न दुखावणाऱ्या.
मी त्या उलट्या बाजूला ठेवून
कोऱ्या बाजूवर हातानं लिहिलं:
मोजून घ्या.
महालात एक म्हातारी खरंच थांबून
बोटं मोजत होती.
जाळताना ते बोटच आधी पेटलं.
भोवती शंभर मोबाईल वर,
माझाही.

घरी आलो, झोप नाही, हाताला खळीचा वास.
सुबोधच्या त्या डब्यावर मी अजून काही लिहिलं नव्हतं.
पाट्या लिहिणाऱ्याला एवढी कोरी जागा
पाहून सुचेना.
शेवटी टाकलं: काहून बे, जेवला का?
साडेअकराला कामठीहून उत्तर आलं:
जेवलो. तुमी?

कोण ते माहीत नाही.
सुबोधही असेल, त्याचं तिसरं नाव.
मी आत जाऊन थंड भाकर घेतली,
खाल्ली,
मग कळवलं.